उंची जातीचा बुटका

दोन शब्दांत माणूस किती माती खाऊ शकतो, ते मला विचारा. लग्नाला वर्ष झालेलं, सुरतेत येऊन जेमतेम चार महिने, आणि तेवढ्यात आपल्याला गुजराती येऊ लागलं असा माझा समज झाला होता. समज कसला, माज. भाजीवाली ‘केम छो’ म्हणाली की मी ‘मजामां’ म्हणायचे आणि दिवसभर मनातल्या मनात मिरवायचे. बाकी सगळ्या बोलण्याला माझं एकच उत्तर होतं: ‘हा, हा.’ समोरच्याचं निम्मं कळलं तरी हा, हा. काहीच कळलं नाही तर जरा जोरात, हा, हा. त्या भांडवलावर मी घरमालकिणीशी आमच्या कुत्र्याबद्दल एकटीनं बोलणी केली, आणि त्या बिचाऱ्याला जवळजवळ उसाच्या मळ्यात रानडुकरांमागे धाडून दिलं.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचे हे बँकेत होते. त्यांच्या साहेबांची दिल्लीला बदली झाली आणि निरोपाच्या चहाला साहेबांनी विचारलं, ‘आमचा कुत्रा तुम्ही न्याल का?’ ह्यांनी साहेबांना ‘नाही’ म्हटल्याचं एकही उदाहरण त्यांच्या नोकरीत घडलेलं नव्हतं. तेव्हा संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला वेताची करंडी बांधून हे त्याला घेऊन आले. पाचेक वर्षांचा होता. म्हणजे कुत्र्यांत चांगला पोक्त गृहस्थ, तोंडाजवळ चार पांढरे केससुद्धा आलेले. रंग तपकिरी, कान लोंबते, लांबी ऐसपैस. पाय मात्र चार बोटांचे. उंबरठा ओलांडताना पुढचे पाय पलीकडे, मागचे अलीकडे आणि मधला सगळा ऐवज लाकडावर, अशी त्याची तऱ्हा. जात कुठली तरी जर्मनीकडची. तिचं नाव मला तेव्हाही धड उच्चारता येत नव्हतं. साहेबांनी त्याला ठेवलेलं इंग्रजी नाव येतं, पण सांगत नाही. गेलेल्याची कशाला थट्टा.

आम्ही तापीच्या बाजूला एका शेरीत, म्हणजे गल्लीत, वरच्या दोन खोल्यांत राहत होतो. खाली मालकीणबाई. त्यांना सगळी शेरी ‘बा’ म्हणे, म्हणून आम्हीही. एकट्याच, लेकी लग्न होऊन गेलेल्या. आतल्या खोलीत ठाकोरजींचं देवघर, त्याचं सोवळंओवळं कडक. म्हणून बा दिवसभर पुढच्या पडवीत हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून आल्यागेल्याची हजेरी घेत. त्या हिंचक्याला चुकवून वर जाणं मांजरालाही जमलं नसतं. मी कुत्रा काखोटीला मारून निघाले तर हिंचका थांबला.

‘आ हूं लाव्या?’

सुरतेत ‘स’चा ‘ह’ होतो. शहर स्वतःलासुद्धा ‘हुरत’ म्हणतं, तिथे बाकीच्यांची काय कथा. पण ‘हे काय आणलंत’ एवढं मला कळलं. हे सायकल लावत होते. त्यांची वाट कशाला बघायची? मी पुढे झाले.

‘कुत्रो, बा. नानो छे.’ आणि मग, आपण कोणी साधंसुधं जनावर आणलेलं नाही हे बांना कळावं म्हणून, ‘ऊंची जातनो छे!’

बांनी त्याच्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्या बरंच काही बोलल्या. त्यात ‘मोटो थाय’ असं काहीसं होतं, ‘खेतर’ होतं, शेवटी प्रश्न होता. मी म्हणाले, ‘हा, हा.’ जरा जोरात.

त्या बोलण्याचा अर्थ मला रविवारी कळला. हे खाली पाणी भरायला गेले होते, ते हसत वर आले. ‘अगं, तू काय कबूल करून बसलीस?’

‘काय?’

‘कुत्रा मोठा झाला की तो बांच्या भाच्याला द्यायचा. चलथाणच्या पुढे त्यांचा ऊस आहे, रानडुकरं फार येतात म्हणे. बांनी भाच्याला निरोपही धाडला. म्हणतात, वहुए हा पाडी छे, म्हणजे तू होकार दिलायस.’

मी हातातली कणीक तशीच ठेवून बसले. ‘नानो’ म्हणजे लहान. पण लहान आकाराने की वयाने? मला अंग म्हणायचं होतं, बांनी वय धरलं. आणि ‘ऊंची जात’? आपण उंची अत्तर म्हणतो तेव्हा बाटलीची उंची मोजत नाही. मी अत्तरातलं उंची म्हटलं होतं, बांनी ताडामाडातलं ऐकलं. म्हणजे बांच्या डोळ्यांपुढे होतं एक पिल्लू, जे वाढत वाढत वासराएवढं होणार. बरं, दोन्ही शब्दांची ही पंचाईत मराठीतही जशीच्या तशी आहे. परक्या भाषेनं मला फसवलं असंसुद्धा म्हणायची सोय नाही.

‘मग खाली जाऊन सांग ना,’ हे म्हणाले, ‘की हा एवढाच राहणार.’

शहाण्या बाईनं तेच केलं असतं. मी पडले शाळेत व्याकरणात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी. म्हटलं, ‘अहो, ठरलंय काय? मोठा झाला की द्यायचा. हा केव्हाच मोठा झालाय! पिल्लू नाही म्हणून सांगितलं की त्या म्हणतील, मग आजच द्या.’

‘मोठा म्हणजे केवढा, ते विचार की.’

‘तुम्ही विचारा.’

‘तुम्हा बायकांच्या बोलण्यात मी कशाला?’ असं म्हणून ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं. साहेबांपुढे जीभ चालत नसे ती बांपुढे कुठून चालायला.

आणि तोवर त्याला द्यायची कल्पनाच मला सोसेना. हे सकाळी जात ते दिवेलागणीला येत. मूलबाळ अजून नव्हतं. शेरीत मी नुसती ‘पेली दक्षिणी वहु’, ती दक्षिणेकडची सून, होते, पदर कोणत्या खांद्यावर घेते एवढ्यापुरती. हा आला आणि माणसं थांबायला लागली. ती बोलत त्याच्याशी, पण उत्तर मला द्यावं लागे. माझ्या गुजरातीचे चार शब्दांचे चाळीस झाले ते ह्या चार बोटांच्या पायांमुळे. संध्याकाळी त्याला नदीच्या पाळीवर नेलं की घरातली भिंतींकडे बघत काढलेली दुपार मी विसरून जायचे.

फक्त झालं असं, की मला आता दोन तोंडं ठेवावी लागली. शेरीत तो पिल्लू, नदीवर पोक्त. शेरीत कोणी ‘केवढा होईल हो?’ विचारलं तर मी ‘हजी नानो छे’ म्हणून खाली बघायचे, कारण तिथलं पान हललं तरी बांना कळे. चौक ओलांडला की मात्र माझी जीभ मोकळी सुटायची.

आणि लोक काय एकेक बोलत! पानवाला रोज त्याच्याकडे दयेनं बघून म्हणे, ‘पग आववाना बाकी छे.’ पाय यायचे राहिलेत! जसे काही मागच्या गाडीनं येणार होते. बाजारात खानदेशाकडची एक बाई भेटली, मिलमधल्या कामगाराची बायको असावी. मी मराठी बोलते ऐकून तिला आनंद झाला आणि लगेच रागही आला. ‘माय वं, याले खावाले देस नही का?’ एक आजीबाई म्हणाल्या, आई गाभण असताना ग्रहणात बाहेर पडली असेल, दुसरं काही नाही. छत्रीवाले एक गृहस्थ तर पाळीवर मला गाठून रोज उपाय सांगत: माशाचं तेल द्या, उन्हात बसवा, मागचे पाय ओढून चोळा. त्यांना मी गंभीरपणे विचारलं, ‘आणि मधलं अंग जास्त झालंय, त्याचं काय करू?’ ते विचारात पडले.

सगळ्यांत मला आवडले ते एक कापडाचे व्यापारी. त्यांनी विचारलं, ‘बेन, आ आटलो नानो केम?’ आटलो म्हणजे एवढा. मी म्हटलं, ‘पहिल्याच धुण्यात आटला.’ माणूस हसला नाही. वाकून पाठीवरचं कातडं चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाला, ‘कई मिलनो?’ कुठल्या मिलचा!

ह्यात मी स्वतःला फार हुशार समजत होते. एकदा तेच छत्रीवाले गृहस्थ कोणाकडे तरी आले आणि थेट आमच्या शेरीत, बांच्या ओट्यासमोर, हाक मारते झाले: ‘अरे, पेला मोटा भाई केम छे?’ ते थोरले भाऊ कसे आहेत? झालं! मी कुत्रा पदराखाली घेऊन जिना चढले. लांबट प्राणी पदराखाली मावत नाही. पुढून तोंड, मागून शेपूट, आणि मी मधे, चोरून केळफूल नेणाऱ्या बाईसारखी. बा हिंचक्यावरून बघत होत्या.

बांची मोजमापाची पद्धत निराळी होती. आमच्या महाशयांनी झोपायला जागा निवडली ती नेमकी हिंचक्याखाली. बा वर झुलत, हा खाली घोरे. फळी त्याच्या पाठीवरून आठवडेच्या आठवडे येत-जात होती आणि केसालाही धक्का नाही. दुसरं कुठलं कुत्रं असतं तर पहिल्याच झोक्याला कपाळमोक्ष. बा मधूनच हिंचका थांबवत, वाकून फळी आणि पाठ यांच्यातली फट बघत आणि मला विचारत, ‘वध्यो?’

‘थोडो,’ मी म्हणायचे. देवा रे. वाढला नाही म्हणावं तर संशय येईल, वाढला म्हणावं तर साखळी घेऊन भाचा येईल. म्हणून थोडा. थोडा-थोडा करत मी त्याला वर्षभरात गाढवाएवढा केला असणार.

बांचा मला राग यायला लागला होता तो त्याच्या खाण्यावरून. शेरीतली माणसं मायाळू. कोणी रोटलीचा तुकडा टाकी, कोणी नानखटाई. पण कोणाचा हात पुढे झाला की हिंचक्यावरून आरोळी यायची: ‘एने खवडावता नहीं!’ पाहुणा असो, पोस्टमन असो, सगळ्यांना तीच तंबी. मी खाली दुधाची वाटी आणली तर ती अर्धी ओतून घ्यायला लावली. म्हटलं, काय बाई आहे ही! पोटच्या पोरी सासरी, घरात खाणारं तोंड नाही, आणि मुक्या जनावराच्या वाटीवर डोळा. वर आल्यावर मी त्याला गुपचूप पोळ्या भरवायचे आणि भरवताना बांच्या नावानं बोटं मोडायचे. स्वयंपाकघराचं दार लावून, अर्थात. तेवढीच माझी मर्दुमकी.

थंडी पडली. नदीकाठी पोंक भाजणाऱ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या हुरड्याचा तो सुरती भाऊ. एक दिवस अकराच्या सुमारास बांची हाक आली, ‘वहु! नीचे आव.’

जिन्यावरूनच मला साखळी दिसली. बैलाला शोभेल अशी. ती हिंचक्याशेजारी जमिनीवर, आणि तिच्यामागे पोंकाचं फडकं घेऊन बसलेला धिप्पाड माणूस, मिशा अशा की त्यांना वेगळं तिकीट पडावं. भाचा आला होता. कॅलेंडरकडे बघायचीही गरज नव्हती. कुत्रा येऊन वर्ष झालं होतं. हे बँकेत.

‘फोई, क्यां छे?’ तो म्हणाला. फोई म्हणजे आत्या.

बांनी नुसतं बोट खाली केलं. हिंचका थांबलेला होता. भाचा वाकला, मिशा जमिनीला टेकतील इतका वाकला. आमचे महाशय एक डोळा उघडून त्याच्याकडे बघून पुन्हा झोपले.

‘आ?’ भाचा म्हणाला. ‘आ तो गलूडियुं!’ हे तर पिल्लू! ‘तुम्ही तर वर्षापूर्वी पिल्लू म्हणाला होतात.’

‘वधे छे,’ बा म्हणाल्या. ‘थोडो थोडो वधे छे. वहु कहे छे.’ आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

भाच्याचा हात साखळीकडे गेला. बहुधा नुसता बाजूला सरकवायला, आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, बांधतोच आहे. आणि माझ्या तोंडून जे सुटलं ते चाळीसच्या चाळीस गुजराती शब्द सोडून, शुद्ध माहेरचं मराठी. ‘नाही वाढणार तो! सहा वर्षांचा बाप्या आहे तो! मोठाच आहे, आणला तेव्हाही मोठाच होता! एवढाच आहे आणि मरेपर्यंत एवढाच राहणार! त्याला नका हो नेऊ, डुक्कर खाऊन टाकेल त्याला!’ आणि रडायला लागले. तरुण बाईनं परक्या पुरुषासमोर पडवीत उभं राहून भोकाड पसरणं त्या काळी काही शोभेचं नव्हतं. नाकही गळत होतं. आज आठवलं की हसू येतं, पण ते त्या मुलीच्या नाकाला. तिच्या भीतीला नाही.

भाच्याला काही कळलं नाही. बांना मात्र काहीतरी कळलं. त्या म्हणाल्या, ‘वहु, धीरे. वधवानो नथी?’ वाढायचा नाही?

‘नथी.’

‘कोई दा’डो नहीं?’ कधीच नाही?

‘कोई दा’डो नहीं.’

‘तो मोटो क्यारे थाय?’ मग मोठा कधी होणार?

‘थई गयो, बा,’ होऊन गेला, असं मी म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. आता निकाल.

आधी भाच्याचं हसू ऐकू आलं. मांडीवर थाप मारून तो म्हणत होता, ‘फोई, हा उसात शिरला तर डुक्कर ह्याच्यावरून निघून जाईल आणि दोघांनाही पत्ता लागणार नाही!’ मग दुसरा एक आवाज आला. मराठीत आपण ‘हुश्श’ करतो, सुरतेत ‘हाश’ म्हणतात. बांनी पोटातून, वर्षभराचा साठवलेला, असा ‘हाश!’ केला की हिंचक्याच्या कड्या वाजल्या. मी डोळे उघडले तर बा पदरानं तोंड पुसत होत्या.

मग त्या भाच्याशी भांडल्यासारखं बोलायला लागल्या, आणि त्या दिवशी मला त्यांचं सगळं गुजराती कळलं. म्हणाल्या, ‘तुला शब्द देऊन बसले होते रे मी. भावाच्या घरी दिलेला शब्द, तो मोडायचा कसा? आणि हा मेला येऊन माझ्या पायाशी झोपायला लागला. त्याच्या घोरण्याशिवाय मला दुपारी डोळा लागेना. म्हटलं, मोठा नाही झाला तर द्यावा लागणार नाही. म्हणून सगळ्या शेरीला ओरडत होते, खायला घालू नका म्हणून. वाढेल ना!’

मी तिथेच पायरीवर बसले. बोटं मोडताना वाजत होती ती सगळी बोटं मला एकदम दिसायला लागली. वर्षभर एकाच कुत्र्यासाठी दोन बायका जीव मुठीत धरून होत्या, एक जिन्याच्या वर आणि एक खाली, आणि दोघींत मिळून एक सरळ वाक्य निघालं नव्हतं.

भाचा पोंक ठेवून, रिकामी साखळी खुळखुळवत गेला. पुढे त्यानं मळ्यासाठी खरोखरीचं थोरलं कुत्रं पाळलं असं ऐकलं. आमचा बुटका त्यानंतर बरीच वर्षं जगला; माझी थोरली त्याच्या कानाला धरून उभी राहायला शिकली, आणि सत्तर साल उलटल्यावर तो हिंचक्याखालीच झोपेत गेला. तोवर लोकांना उत्तरं द्यायचं काम बांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं. कोणी ‘पिल्लू का?’ म्हटलं की हिंचक्यावरून उत्तर तयार: ‘कारखानामांथी ज आटलो आवे!’ कारखान्यातूनच एवढा येतो! आणि वर, ‘तुं केटलो ऊंचो छे ते जो पहेलां!’ तू स्वतः केवढा उंच आहेस ते बघ आधी.

पण त्या दिवशीचं राहिलंच. भाचा गेल्यावर बा उठल्या, आत गेल्या, आणि काठोकाठ दूध भरलेल्या वाटीत रोटली कुसकरून घेऊन आल्या. ती वाटी त्यांनी स्वतः वाकून त्याच्यापुढे ठेवली. तो वर रोज दोन पोळ्या चापत होता हे सांगायला मी तोंड उघडणार होते, पण बांनी उघडू दिलं नाही. आपण मराठीत मूग गिळून गप्प बसतो; सुरतेत मूग गिळत नाहीत, तोंडात भरून ठेवतात, आणि मुगाला म्हणतात ‘मग’, तोंडाला ‘मों’. वाटीतलं दूध संपेपर्यंत बा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या:

‘मूई, मग मोंमां तें भर्या, ने भूखो आ बिचारो रह्यो!’